सकाळी अंतरपाट, दुपारी चर्च: दोन पद्धतींच्या लग्नाचा दिवस कॅमेऱ्यात कसा धरावा

दोन पद्धतींच्या लग्नाचे अल्बम चाळताना एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. ज्या फोटोग्राफरला मंगलाष्टकं पाठ आहेत, त्याचे चर्चमधले फोटो म्हणजे पाठमोरी माणसं आणि झुंबरं. ज्याचा हात चर्चमध्ये बसलाय, त्याच्याकडे मांडवातला धूर, हार आणि दागिने यांचे शेकडो फोटो असतात, पण अंतरपाट दूर होतानाचा एकही धड नसतो. दोघांचंही सामान उत्तम असतं. अडतं ते एवढ्यावरच, की परक्या विधीतला नेमका क्षण कोणता आणि तेव्हा कुठे उभं राहायचं हे त्यांनी आधी कुणाला विचारलेलंच नसतं.

म्हणून हा लेख लेन्सपेक्षा क्रमाबद्दल आणि जागेबद्दल जास्त बोलतो. उदाहरणादाखल एकच दिवस धरू. मुलगी गोव्यातल्या साष्टीची कॅथलिक, मुलगा कोल्हापूरकडचा मराठी हिंदू. महिना डिसेंबर. सकाळी फोंडा तालुक्यातल्या कार्यालयात ११.४२चा मुहूर्त, दुपारी ४ वाजता मडगावजवळच्या चर्चमध्ये विवाहविधी, साडेसातला लॉनवर रिसेप्शन. तुमच्याकडचं लग्न मराठी-तमिळ असेल किंवा मराठी-पंजाबी, विधींची नावं बदला. पायऱ्या याच राहतील.

१. तीन आठवडे आधी: दोन्ही घरांकडून विधींची यादी घ्या

नवरा-नवरीकडून यादी घेऊ नका. त्यांना स्वतःच्याच लग्नातलं निम्मं माहीत नसतं. मुलाकडच्या एखाद्या आत्याला किंवा काकूला फोन करा, मुलीकडच्या मावशीला करा, आणि मग भटजींशी आणि फादरशी वेगवेगळं बोला. चार फोन, प्रत्येकी पंधरा मिनिटं. सगळ्या तयारीत याच्याइतका मोबदला देणारा तास दुसरा नाही.

भटजींना विचारायचं ते असं: गौरीहर पूजन होणार का? कन्यादान मंगलाष्टकांच्या आधी की नंतर? अंतरपाट कोण धरणार आणि तो कोणत्या बाजूला ओढून घेणार? लाजाहोम आणि सप्तपदी पूर्ण करणार की आटोपती घेणार? मिश्र लग्नांत काही विधी गाळले जातात, काही दोन्ही कुटुंबांच्या समजुतीने बदलले जातात. ‘आमच्याकडे असंच असतं’ हे गृहीत धरलंत की फसलात.

फादरना विचारायचं ते निराळं. मुलगा ख्रिस्ती नसेल तर कॅथलिक चर्चमध्ये धर्मप्रांताची खास परवानगी घेऊन लग्न लागतं आणि ते बहुधा मिस्सा (चर्चमधली पूर्ण सामूहिक उपासना) न करता, फक्त विवाहविधीने होतं. त्याचा तुमच्या वेळापत्रकावर थेट परिणाम होतो. पूर्ण मिस्सेला तासाहून जास्त लागतो, नुसता विधी पाऊण तासात उरकतो. ‘अजून कम्युनियन (मिस्सेतला प्रसाद) व्हायचंय’ म्हणून निवांत बसलेला फोटोग्राफर मी पाहिलाय. तेवढ्यात जोडपं रजिस्टरवर सह्या करून दाराकडे निघालं होतं.

फ्लॅश चालतो का, वेदीच्या पायऱ्यांच्या वर पाऊल ठेवता येतं का, गायकवृंदाच्या माडीवर जाता येतं का, हेही तेव्हाच विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर हुज्जत घालू नका. ज्यांच्याशी आधी नीट बोललात ते फादर आयत्या वेळी स्वतःहून थोडी मोकळीक देतात.

> तपासा: यादीतल्या प्रत्येक विधीपुढे तीन गोष्टी लिहिल्या आहेत का? किती मिनिटं, कोण कोण समोर असणार, आणि कोणता एक क्षण चुकला तर भरून येणार नाही. तिसरा रकाना कोरा असेल तर परत फोन करा.

२. जागा चालून पाहा, आणि त्याच वेळेला पाहा

कार्यालय सकाळी साडेअकराला पाहा, चर्च दुपारी चारला. सकाळी दहाला पाहिलेल्या चर्चचा संध्याकाळी काही उपयोग नाही. दर्शनी भाग पश्चिमेला असेल तर चारनंतर उन्हाचा पट्टा मुख्य दारातून थेट आत येतो. नवरी वडिलांच्या हाताला धरून आत येते तेव्हा ती त्या उजेडासमोर काळी आकृती दिसते. हे आधी माहीत असेल तर दुसरा फोटोग्राफर दारापाशीच, आतल्या बाजूच्या कडेला उभा करता येतो.

कार्यालयात तीन गोष्टी पाहा. स्टेजवरचे दिवे कोणत्या रंगाचे आहेत, होमाचा धूर पंख्यामुळे कुठल्या दिशेला जातो, आणि स्टेजच्या दोन्ही अंगांना तुम्हाला उभं राहायला हातभर तरी जागा आहे का. सजावटवाले तिथे हमखास फुलांचे खांब रोवतात. आदल्या आठवड्यात सांगितलं तर खांब दोन फूट मागे सरकतो. लग्नाच्या सकाळी कुणी ऐकत नाही. मंगेशी, म्हार्दोळ या भागांत देवळाच्या आवारातलं कार्यालय असेल तर नवरा-नवरी देवदर्शनाला जातात. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याआधी देवस्थानाला विचारा. चामड्याच्या पट्ट्यावरून कुठे कुठे अडवतात, म्हणून कॅमेऱ्याला कापडी पट्टा लावा.

ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर ती जागा कोणत्या रंगात येते ते पाहून घ्या. दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, हे विसरू नका. खरं सांगायचं तर या दिवसात ड्रोनमुळे काही अडत नाही. वेळ मात्र जातो.

३. वेळापत्रक शेवटाकडून मागे मांडा

या दिवसाला हलवता न येणारे तीन खुंटे आहेत: ११.४२चा मुहूर्त, ४ची चर्चची वेळ, आणि सूर्यास्त. डिसेंबरच्या मध्यात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. बाकी सगळं या तिघांच्या मधे बसवायचं.

सूर्यास्तापासून मागे या. जोडप्याच्या निवांत फोटोंना वीस मिनिटं हवीत, म्हणजे सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान चर्चमधून मोकळं व्हायला हवं. चर्च चारचं. फोंडा ते मडगाव अंतर वीस किलोमीटरच्या आत असलं, तरी लग्नसराईच्या शनिवारी तास धरा. म्हणजे नवरी पावणेतीनला तयार. आणि इथेच घोळ आहे. शालू, अंबाडा, गजरा, मुंडावळ्या हे सगळं उतरवून पांढरा गाऊन, नवी केशरचना आणि डोक्यावरची पांढरी जाळी (व्हेल) चढवायला मेकअपवाल्या ताईंना किमान दीड तास लागतो. म्हणजे नवरीने सव्वा वाजता मांडवातून उठायला हवं. जेवणाची पंगत त्या आधी की नंतर? विहीणबाईंना आग्रह करायला वेळ कधी मिळणार?

हा हिशेब कागदावर मांडून दोन्ही घरांना दाखवा. नव्वद टक्के वेळा घरचेच म्हणतात, सप्तपदी झाल्यावर तिला खोलीत जेवायला देऊ, पंगतीत बसायचं नवऱ्याने. हा निर्णय त्यांचा. तो तीन आठवडे आधी व्हावा, एवढीच तुमची जबाबदारी.

> सावध: हिरवा चुडा गाऊनवर राहणार की उतरवणार, हा प्रश्न आधी सोडवून घ्या. दुपारी अडीच वाजता त्यावरून दोन मावश्यांचं वाजलेलं मी ऐकलंय. माझं मत विचारलं तर राहू द्यावा. गोव्यात चुडा भरण्याची रीत हिंदू आणि कॅथलिक दोन्ही घरांत आहे. पांढऱ्या बाहीखालून दिसणारा चुडा आणि मेंदी, हातात फुलांचा गुच्छ, हा फोटो त्या दिवशी दुसरा कुठला सांगणार नाही ते सांगतो.

४. सामान: थोडं न्या, पण दुहेरी न्या

दोन बॉडी, दोन्हीत दोन-दोन कार्डांची सोय, आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंद होईल अशी मांडणी. एकीवर २४-७० मिमीची लेन्स आणि दुसरीवर लांबचं जवळ आणणारी ७०-२००, दोन्ही एफ २.८. चर्चसाठी आणि तयारीच्या खोलीसाठी ३५ किंवा ५०ची एक उजळ लेन्स. दोन फ्लॅश, दोन स्टँड. सहा बॅटऱ्या. ही यादी लांबवण्यात मला रस नाही. ज्या गोष्टी लोक विसरतात त्या अशा: पायमोजे (मांडवात चपला काढाव्या लागतात आणि स्टेजवर तेल सांडलेलं असतं), मऊ तळव्याचे बूट (चर्चमध्ये ते काढायचे नाहीत, आणि फरशीवर टाचांचा आवाज घुमतो), ओला रुमाल, आणि खिशात चिक्की. जेवणाची हमी नाही.

आदल्या रात्री सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवा, दुसऱ्या फोटोग्राफरची आणि व्हिडिओवाल्याचीही. मग सगळ्यांनी एकाच मोबाइलवरच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवा. हे केलं नाही तर तीन कॅमेऱ्यांतले चार हजार फोटो क्रमाने लावताना सप्तपदी अंतरपाटाच्या आधी येते, आणि दुरुस्त करायला दोन दिवस जातात.

> तपासा: बीप बंद. फोकससाठी लागणारा लाल-नारिंगी दिवा बंद. फाइल रॉ (कॅमेऱ्याने न आवळलेली, नंतर सुधारता येणारी). कार्डं रिकामी, पण जुन्या लग्नाची प्रत दोन ठिकाणी आहे हे पाहिल्यावरच रिकामी.

५. आदला दिवस: हळद आणि रोस

मुलाकडे हळद, मुलीकडे रोस. रोस म्हणजे नारळाचा रस. नातेवाईक तो नवरीच्या अंगाला लावतात, डोक्यावर ओततात, आणि बायका कोंकणीतून वोव्यो म्हणतात. मराठी घरातल्या ओव्यांचीच ही बहीण. मुलाची उष्टी हळद मुलीच्या घरी पोचवायची ठरली असेल, तर एकाच पाटाजवळ हळदीची वाटी आणि नारळाच्या रसाचं भांडं शेजारी शेजारी येतं. याची वाट बघा. ते मांडून घेतलं तर खोटं दिसतं, म्हणून आधीच जागा धरून थांबा.

चूक क्रमांक एक: व्हाइट बॅलन्स (रंगछटेची मांडणी) ऑटोवर ठेवणं. चौकटीत पिवळा भरला की कॅमेरा तो मारायला बघतो आणि माणसं निळसर, आजारी दिसतात. त्याचा केल्विनमधला आकडा स्वतः ठरवा आणि तो सगळा वेळ तसाच ठेवा. चूक क्रमांक दोन: अगदी जवळ जाणं. हळद बटणांच्या फटीत शिरते, नारळाचा रस वाळला की काचेवर चिकट थर बसतो. लेन्सवर साधा काचेचा फिल्टर, बॉडीवर पावसाळी कव्हर, आणि पहिली दहा मिनिटं ७०-२००. सगळ्यांचे हात पिवळे झाले की ते तुम्हालाही माखणारच. तेव्हा ३५ लावून मधे शिरा. खरे फोटो त्यानंतरच मिळतात.

६. सकाळची तयारी

साडेआठला नवरीच्या खोलीत. पहिलं काम फोटो नाही, आवराआवर. खिडकीजवळची एक बाजू मोकळी करा, पिशव्या आणि हँगर हलवा, ट्यूबलाइट बंद करा. पिवळी साडी, चुडा, मुंडावळ्या, नथ यांचे फोटो आधी घ्या, नाहीतर ते अंगावर चढतात आणि राहून जातात. गाऊनही याच वेळी घ्या. दुपारी त्याला हात लावायलाही वेळ मिळणार नाही.

नवरीला नऊवारी किंवा शालू नेसवायला बहुधा सासरकडचीच कुणीतरी येते. कॅथलिक आई कडेला उभी राहून बघत असते. कॅमेरा साडीवर नको, त्या आईवर ठेवा.

नवऱ्याकडे दुसऱ्या फोटोग्राफरला पाठवा. फेटा बांधताना वीस मिनिटं मिळतात आणि तेवढी पुरतात.

७. मांडव: जागा आधी, बटण नंतर

इथे थांबून नीट वाचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मुहूर्ताआधी अर्धा तास गौरीहर पूजन असतं. नवरी एकटी, अन्नपूर्णेसमोर, हातात तांदूळ. साधारण शांत वेळ. कॅथलिक नवरीला कुणीतरी मागून सांगत असतं की आता काय करायचं. शांतपणे दोन-तीन कोनांतून घ्या आणि निघा, कारण मंगलाष्टकांच्या दहा मिनिटं आधी तुम्हाला स्टेजवरची जागा पकडायची आहे.

ती जागा अशी. अंतरपाट तुम्हाला कडेने, म्हणजे उभ्या रेघेसारखा दिसला पाहिजे. तेव्हाच एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, दोघांचे चेहरे एका चौकटीत येतात. समोरून घेतलात तर फक्त कापडावरचं स्वस्तिक मिळतं. कोणत्याही एकाच्या पाठीमागून घेतलात तर दुसरा हरवतो. कापड कोणत्या बाजूला ओढणार हे पहिल्या फोनवर विचारलं होतंत ना? त्याच्या उलट बाजूला उभे राहा. नाहीतर कापड नेमकं तुमच्या लेन्ससमोर येऊन थांबतं.

दुसरा फोटोग्राफर नवरीसोबत चालत यायला हवा, कारण तिला मामा घेऊन येतो. कॅथलिक मामाला हे काम बहुधा आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं असतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

मंगलाष्टकं किती चालतील हे कुणी सांगू शकत नाही. मूळ श्लोक संपले तरी हौशी आत्या आणि काका आपापली रचलेली म्हणतात, आणि मुहूर्ताचा मिनिट येईपर्यंत भटजी ते चालू देतात. दर ‘सावधान’ला अक्षता पडतात, पण अंतरपाट जातो तो शेवटच्याला. म्हणून कान भटजींकडे आणि डोळा व्ह्यूफाइंडरला. ताशा-वाजंत्रीवाल्याचा हात वर गेला की समजा, आलंच. शटर १/५०० सेकंदावर ठेवा, म्हणजे अक्षता हवेत थांबतात. १/१२५ला त्या पांढऱ्या रेघा होतात.

कॅथलिक पाहुण्यांना अक्षता कधी टाकायच्या हे ठाऊक नसतं. काहीजण पहिल्याच श्लोकाला मूठ रिकामी करतात आणि मग हसतात. हे हसणं टिपायला तिसरा माणूस असेल तर त्याला स्टेजवर येऊच देऊ नका. त्याने सगळा वेळ पाहुण्यांकडे तोंड करून उभं राहायचं.

> सावध: अंतरपाट दूर झाला की वीस सेकंदांत सगळे नातेवाईक मोबाइल घेऊन स्टेजवर चढतात. हार घालणं तेव्हाच होतं. व्हिडिओवाल्याशी आधी ठरवून घ्या: तो एका अंगाला, तुम्ही दुसऱ्या, मधे कुणी नाही. आणि करवलीला सांगून ठेवा, हार हळू.

लाजाहोमाला नवरीचा भाऊ लाह्या देतो. धुरात ऑटोफोकस चाचपडतं, म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, खाली बसून घ्या. आग आणि स्टेजवरचे एलईडी यांचे रंग जुळत नाहीत. चेहऱ्यावरचा रंग बरोबर धरा, आग लाल राहिली तरी राहू द्या. कानपिळी क्षणात होते. मेहुण्याने नवऱ्याचा कान पिळायचा असतो, आणि मडगावच्या मेहुण्याला किती जोरात हे कुणीच सांगितलेलं नसतं. नवरा ओरडतो, दोन्हीकडचे हसतात. तिथे मात्र लांब लेन्स नको. ३५ने, सगळ्यांना घेऊन. सप्तपदीला तांदळाच्या सात राशींच्या शेवटच्या टोकाला बसा. पहिल्या राशीपासून मागे मागे सरकत राहिलात तर कुणाच्या तरी पायावर बसाल.

> तपासा: सव्वा वाजता, मांडव सोडण्याआधी, दोन्ही कार्डांवरचे मुहूर्ताचे फोटो उघडून पाहिले का? कार्ड बदला. वापरलेलं कार्ड बॅगेत नको, स्वतःच्या खिशात, चेनवाल्या.

८. मधले दोन तास

हे तुमचे नाहीत, मेकअपवाल्या ताईंचे आहेत. खोलीत गर्दी करू नका. जेवून घ्या. नवरीची खोली सुटण्याआधी शेवटची दहा मिनिटं मागून घ्या: हळदीने पिवळी झालेली नखं, मुंडावळ्यांचा कपाळावर उठलेला माग, शेजारी लटकलेला गाऊन.

एक गोष्ट सांभाळा. मराठी घरांत जुन्या पिढीला नवरीच्या अंगावर पांढरं बघायची सवय नसते. आजी काही बोलली तर तो प्रसंग टिपण्याचा नाही. पण त्याच आजीने जवळ बोलावून गालावरून हात फिरवला तर तो सोडू नका.

गाडीत नवरीसोबत बसू नका. अर्धा तास आधी चर्चला पोचा.

९. चर्च: हलू नका

मांडवातली सवय इथे घात करते. मांडवात फोटोग्राफर फिरला तर कुणाला काही वाटत नाही. तिथे माणसं गप्पा मारत असतात, चहा पीत असतात. चर्चमध्ये तुमचं एक पाऊल सगळ्यांना ऐकू येतं. दोनच जागा ठरवा आणि गाणं चालू असतानाच एका जागेवरून दुसरीकडे जा.

क्रम साधारण असा: करवल्यांची म्हणजे ब्राइड्समेड्सची रांग, फुलं उधळणारी मुलं, मग वडिलांसोबत नवरी. नंतर वाचन, प्रवचन, संमतीचे प्रश्न, उजवे हात एकमेकांच्या हातात देऊन वचन, अंगठ्या, प्रार्थना, आशीर्वाद, सह्या. न चुकवायचा क्षण वचनाचा आहे. अंगठीचा नव्हे. बहुतेकांना उलटं वाटतं, कारण अंगठी दिसते आणि वचन ऐकू येतं. पण लग्न लागतं ते वचनाने, मांडवातल्या अंतरपाटासारखं. तेव्हा तुम्ही पहिल्या बाकाच्या कडेला, पायऱ्यांच्या खाली, ७०-२०० लावून तयार हवेत.

नवरी आत येताना एक कॅमेरा वेदीपाशी उभ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर हवाच. सकाळी त्याने तिला अंतरपाटाच्या पलीकडे पाहिलेलं असतं, आता ती पूर्ण वेगळी होऊन येतेय. दिवसातला दुसरा ‘पहिल्यांदा पाहणं’ हा आहे.

उजेडाचं गणित नीट समजून घ्या. गाऊनने चौकट भरली की कॅमेरा त्याला राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. पण अंधाऱ्या चर्चमध्ये लांबून, छोट्या दिसणाऱ्या नवरीला घेताना कॅमेरा अंधार बघून सगळं उजळतो आणि गाऊनची लेस पांढऱ्या डागात नाहीशी होते, तेव्हा तेवढंच कमी करा. सर्वांत बरं, मॅन्युअलवर ठेवून गाऊनवरून मोजा. काळा सूट थोडा अंधारात गेला तर रॉमधून वर येतो. जळालेली लेस परत येत नाही.

> सावध: आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलंत तर दोन चाचण्या घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये फोटोवर काळे आडवे पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० वर ठेवलंत की बहुधा ते जातात. स्वस्त एलईडी असतील तर साधं मेकॅनिकल शटर वापरा आणि मोजकेच फोटो घ्या.

मराठी पाहुण्यांना कधी उभं राहायचं आणि कधी गुडघे टेकायचे हे कळत नाही. नऊवारीतली आजी पुढच्या बाकावरच्या बाईंकडे बघून उठते, बसते. सकाळी अक्षतांचं जे झालं त्याची ही जोडी. अल्बममध्ये समोरासमोरच्या पानांवर लावा.

सह्यांच्या टेबलाजवळ दोन साक्षीदार असतात. हात, पेन, चेहरे घ्या. रजिस्टरवरची माहिती वाचता येईल असा फोटो काढू नका.

१०. पायऱ्यांवरचे ग्रुप आणि शेवटचा उजेड

दाराबाहेर कागदी पाकळ्या उडाल्या की मिरवणूक संपते आणि गोंधळ सुरू होतो. ग्रुपची यादी बारापेक्षा लांब नको, प्रत्येकी दोन मिनिटं. दोन्हीकडचा एकेक खणखणीत आवाजाचा काका आधी हेरून ठेवा. नावं पुकारायचं काम त्याचं. तुम्ही ‘मुलाकडचे या’ म्हणालात तर तीस जण येतात, त्यातले आठ शेजारी.

कोण वारलंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे आधीच विचारलेलं असावं. एखादी आजी ‘मी नको’ म्हणून मागे सरत असेल तर कारण विचारू नका, नातवाला सांगा. तो आणतो.

साडेपाचला सगळ्यांना चहाकडे पाठवा आणि जोडप्याला वीस मिनिटं एकटं न्या. चर्चच्या आवाराची भिंत, माडांची रांग, जवळ शेत असेल तर बांध. पोझ शिकवू नका. चालायला सांगा. सकाळपासून त्यांना एकमेकांशी बोलायलाच मिळालेलं नसतं.

११. रिसेप्शन

गोव्यातलं रिसेप्शन सूत्रसंचालक चालवतो, म्हणून गेल्या गेल्या त्याच्याशी आणि बँडशी ओळख करा आणि क्रम लिहून घ्या: प्रवेश, केक, टोस्ट, पहिला वॉल्ट्झ (जोडप्याचा नाच), ग्रँड मार्च (पाहुण्यांची जोडीजोडीने फिरणारी रांग), मग मोकळा नाच. तो लाडात येऊन क्रम बदलतो. ‘बदललंत तर मला खुणेने सांगा’ एवढं म्हणून ठेवा.

लॉनवर छत नसतं, म्हणून छतावर फ्लॅश उसळवायची सवय इथे उपयोगी नाही. नाचाच्या जागेच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत उंच स्टँडवर फ्लॅश लावा, वायर नसलेले, आणि स्टँडच्या पायावर वजन ठेवा. पोरं पळत असतात. वॉल्ट्झला शटर १/३० पर्यंत उतरवून मागच्या पडद्याचा (शटर मिटतामिटता उडणारा) फ्लॅश वापरलात तर मागचे दिवे वाहतात आणि चेहरे स्थिर राहतात. पाचपैकी चार फोटो जातील, म्हणून आधी चार साधे घेऊन ठेवा.

> सावध: डीजेकडे लेझर असेल तर कॅमेरा त्याच्या दिशेने वळवू नका. लेझरचा किरण सेन्सरवर पडला तर तिथे कायमची रेघ उमटते. दुरुस्ती म्हणजे सेन्सर बदलणं.

टोस्टला बोलणाऱ्यावर एक फोटो पुरे. बाकी सगळे उचललेल्या ग्लासांवर आणि त्यामागच्या चेहऱ्यांवर. आणि इथे जरा शहाणपण हवं. कोल्हापूरच्या कुठल्या काकांच्या ग्लासात काय होतं, हे घरच्या अल्बममध्ये यायची गरज नसते. निवडताना ते फोटो वेगळे काढा आणि न विचारता कुठेही टाकू नका.

कोंकणी गाण्यांचा मसाला (एकामागून एक सलग गाणी) सुरू झाला की लॉनभर सगळे नाचतात. त्या अर्ध्या तासात मधे शिरून, ३५ने, डोळ्याच्या उंचीवरून घ्या. फेटे सुटलेले, टाय सैल झालेले, नऊवारीतल्या काकू मडगावच्या मावशीचा हात धरून गोल फिरताहेत. सकाळपासून मुलाकडचे आणि मुलीकडचे वेगवेगळे बसले होते, ते आत्ता मिसळले. तुमचा दिवस लांबला असेल, पाय दुखत असतील, पण बॅग भरायची वेळ ही नाही. बरेच फोटोग्राफर केक आणि वॉल्ट्झ झाल्यावर निघतात आणि हेच चुकवतात.

नवरी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा पोशाख बदलणार का, माप ओलांडणं आणि लक्ष्मीपूजन कधी, कुठे, हे जाण्याआधी सासूबाईंना विचारा. कोल्हापूरला असेल तर तुमचा करार तिथपर्यंत आहे का, तेही बघा.

१२. झोपण्याआधी

हॉटेलवर पोचल्यावर आंघोळीआधी कार्डं लॅपटॉपवर उतरवा आणि दुसऱ्या हार्डडिस्कवर प्रत काढा. कार्डं पुसू नका. दुसऱ्या फोटोग्राफरची कार्डं त्याच्याकडे घरी जाऊ देऊ नका, तिथेच उतरवून घ्या. एक डिस्क तुमच्या बॅगेत, दुसरी त्याच्याकडे, म्हणजे गाडी फोडली गेली तरी लग्न वाचतं.

निवड करताना सकाळ आणि दुपार वेगवेगळ्या दिवशी करा. थकव्यात जो विधी तुमच्या ओळखीचा आहे त्याचे फोटो जास्त आवडतात आणि दुसऱ्याचे गळतात. अल्बमच्या पानांची मोजणी करा. मांडवाला चाळीस पानं आणि चर्चला अकरा असं झालं असेल तर मुलीकडचे ते पहिल्या मिनिटात ओळखतात. दोन्ही आज्यांसाठी प्रत्येकी पाच फोटोंचे मोठे प्रिंट काढा आणि अल्बमची वाट न बघता आधी पाठवून द्या.